दिग्गीच्या गाडीचा अर्ज

दिग्गीतून शिकून बाहेर पडलेली आणि थेट इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागलेली अशी सुमंगला ही पहिलीच. शाळा जोयड्याच्या वसतिगृहात राहून झाली. पुढं बेळगावात डिप्लोमा, डिग्री, त्याच्या पुढची डिग्री करत करत ती तिथल्याच एका खासगी कॉलेजात रस्ते आणि वाहतूक हा विषय शिकवू लागली. शहरातल्या अनगोळ भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सुट्टी लागली की बसनं रामनगर, तिथून जोयडा, आणि जोयड्याहून मिळेल त्या जीपनं जंगलातून दिग्गी. पावसाळ्यात मात्र ती घरी जात नसे. जायचं ठरवलं तरी गाडी कुठवर जाईल आणि परत कधी येईल, हे कुणी सांगू शकत नसे.

त्यामुळं मागच्या आषाढात तिच्या वहिनीचं बाळ वाटेत गेलं तेव्हा ती बेळगावातच होती. तिला कळलं ते चौथ्या दिवशी. फोनला रेंज यायची तर टेकावर चढावं लागे, आणि ते घडल्यावर भाऊ लखू तीन दिवस टेकावर चढलाच नव्हता.

झालं होतं ते असं. वहिनीचे, म्हणजे भाग्यलक्ष्मीचे, दिवस भरायला अजून अवकाश होता. दिवेलागणीला पोटात कळा सुरू झाल्या. बाहेर पाऊस असा की अंगणातलं तुळशीचं वृंदावन दिसत नव्हतं. उजाडल्यावर लखू टेकावर गेला आणि त्यानं वासूला फोन लावला. त्या भागात चालणारी एकुलती एक जीप वासूची. जीप ओढ्यापलीकडंच थांबली, म्हणून शेजाऱ्यांनी वहिनीला घोंगड्यात घालून, बांबूला बांधून तिथवर नेलं. पुढच्या ओहोळात जीपचं चाक रुतलं. लखू, वासू आणि बरोबरची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जीप ढकलत होती. मागं ताडपत्रीखाली वहिनी आणि सुमंगलाची आई पुतळी, दोघीच. तिथंच मुलगी झाली. जीप वर निघून दवाखान्याला पोचेपर्यंत ती थंडगार पडली होती. दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस होता. त्यानं वहिनीला वाचवलं, आणि बाळाच्या कागदावर जे पाहिलं तेच लिहिलं: मृत जन्म.

सुमंगला घरी गेली ती दसऱ्याला. वहिनी बोलत होती, रांधत होती, म्हशीचं बघत होती. त्या दिवसाबद्दल कुणीच काही बोललं नाही. सुमंगलानंही विचारलं नाही.

थंडी पडू लागली तेव्हा कॉलेजातले तिचे विभागप्रमुख दत्तात्रय सर एक जाहिरात घेऊन तिच्या टेबलापाशी आले. बेंगळुरूतल्या एका संस्थेनं विद्यापीठं आणि कॉलेजांकडून वाहतुकीवरच्या संशोधनासाठी अर्ज मागवले होते. सर निवृत्तीला आले होते. स्वतःसाठी त्यांना आता काही नको होतं.

"तुझ्या गावाचं करूया," ते म्हणाले. "मोठी बस जिथं परवडत नाही तिथं लहान गाडी. कुणी बोलावलं की येईल अशी. निधी मिळाला तर वर्षभर खरी गाडी चालवून बघता येते. नुसता कागदावरचा अभ्यास नव्हे."

खरी गाडी म्हटल्यावर सुमंगलाचा हात थांबला. ती तपासत असलेली वही तशीच उघडी राहिली.

मग दोघं कामाला लागली. दिग्गी आणि आसपासच्या वाड्यांचे नकाशे केले, रस्ता कुठं कुठं तुटतो त्या जागा मांडल्या, टेकावर खांब उभारून त्यावर रेंज पकडणारी एक पेटी बसवली तर गावातूनच गाडी बोलावता येईल हे दाखवलं. कॉलेजनं आपला वाटा उचलायचं पत्र द्यायला बराच वेळ लावला. सर प्राचार्यांच्या दाराशी रोज जाऊन बसत तेव्हा ते मिळालं. सगळं झाल्यावर सरांनी अर्ज पहिल्यापासून वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला यात माणूस दिसत नाही. असे शंभर अर्ज त्यांच्यापुढं येतात." थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या वहिनीचं लिहायचं का? तिला विचारून. तिची हरकत नसेल तरच."

म्हणून संक्रांतीला सुमंगला दिग्गीला गेली.

वहिनी परसात कणगं खणत होती. वेलाच्या मुळाशी कुदळीनं माती सैल करून एकेक कंद हातानं अलगद काढायचा, माती झाडायची आणि टोपलीत टाकायचा. सुमंगला तिच्याजवळ बसून कंद झाडू लागली. कसं विचारावं ते तिला कळेना. शेवटी तिनं सगळं सरळच सांगितलं. अर्ज कसला आहे, गाडी कशी येईल, आणि सर काय म्हणाले.

वहिनी खणत राहिली. खड्डा बराच खोल झाला तरी थांबली नाही.

"इंग्रजीत लिहिणार न्हवं?" तिनं विचारलं.

"हो. इंग्रजीतच लिहावं लागतं."

"बेंगळुराचीच मानसं वाचणार?"

"तीच. इथं कुणी नाही वाचत."

"मग लिही." वहिनीनं कुदळ बाजूला ठेवली. "पर एक लिही, सुमाबाय. ती रडली हुती."

सुमंगलाच्या हातातला कंद तसाच राहिला. "वैनी..."

"एकदाच. ल्हान. मांजराच्या पिल्लागत. वरनं पाऊस, खाली गाडीचा आवाज, भायेर ह्यांची आरडाओरड. पर म्या आयकली. दवाखान्यात सांगितलं, त्यांनी आत्तीला इचारलं." सासूला ती आत्ती म्हणे. "आत्ती म्हनाल्या, न्हाई, कायबी आवाज झाला न्हाई. मग डॉक्टर तरी काय लिहिणार? मेलेलीच झाली असं लिवलं. तुझ्या कागदात तसं नको लिवू. ती जिती झाली हुती."

"लिहिते," सुमंगला म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आईला चुलीपाशी गाठून विचारलं. पुतळी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "बाळंतिनीला काय काय ऐकू येतंया, सुमे," ती म्हणाली. "तू त्याच्यात पडू नगं."

सुमंगलानं वहिनीनं सांगितलं तसं लिहिलं. नावगाव न घालता, एकच परिच्छेद. नियम होता म्हणून दवाखान्याच्या कागदाची प्रतही मागं जोडली.

मार्चमध्ये अर्जाची पहिली चाळणी पार पडली आणि दोघांना बेंगळुरूला बोलावणं आलं. लांबलचक टेबलाच्या पलीकडं पाच जण बसले होते. मधे अध्यक्ष बाई. पांढरे केस, खादीची साडी, बोलणं मऊ. सुमंगलानं अर्धा तास नकाशे दाखवले, गाडीचा हिशेब समजावला. प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. सगळं चांगलं चाललं होतं. बाईंनी दोनदा मान डोलावली.

मग कडेला बसलेल्या एका सभासदानं मागची पानं उलटली. "इथं तुम्ही लिहिलंय की मूल जिवंत जन्मलं आणि वाटेत गेलं. दवाखान्याचा कागद म्हणतो मृत जन्म. यातलं खरं काय?"

"आईनं बाळाचं रडणं ऐकलं," सुमंगला म्हणाली.

"आणखी कुणी?"

सुमंगलाला आईची भाकरी थापणारी बोटं आठवली. "नाही."

तो सभासद वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाज चढला नाही. "तुमच्या अभ्यासावर आम्हाला शंका नाही. पण उद्या हा अहवाल सरकारपुढं जाणार. एक गोष्ट कागदाशी जुळली नाही की लोक सगळ्याच आकड्यांवर बोट ठेवतात. तुम्ही तिथं मृत जन्म असं लिहा. वाहनाअभावी झालेला मृत जन्म. तेही कमी दुःखाचं नाही."

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "आठवड्याभरात दुरुस्त प्रत पाठवा. बाकी आम्हाला अर्ज आवडला आहे."

परतीच्या गाडीत सर खूश होते. त्यांनी हुबळीला तिला आग्रहानं चहा पाजला. "झालंच म्हणून समज," ते म्हणाले. "दोन शब्द बदलायचे."

सुमंगलानं त्या आठवड्यात लखूला फोन लावायचा रोज प्रयत्न केला. वहिनीला विचारायचं होतं. फोन लागला नाही. जाऊन यावं तर परीक्षेचे दिवस, पर्यवेक्षणाची पाळी. शुक्रवारी तिनं कॉम्प्युटर उघडला आणि तो परिच्छेद समोर आणला. 'जिवंत' हा शब्द पुसला. त्या जागी दुसरा शब्द लिहिला. वाचून पाहिला. परसातला तो खड्डा, वहिनीची मातीनं भरलेली नखं डोळ्यांपुढून जाईनात. तिनं तो शब्दही पुसला. मग सगळा परिच्छेदच पुसला आणि दवाखान्याच्या कागदाची प्रत काढून टाकली.

सरांनी नवी प्रत शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"खोटं लिहायचं नाही म्हणून काढलंस, हे मला समजतं," ते म्हणाले. "पण तो परिच्छेद काढल्यावर आपला अर्ज इतरांसारखाच झाला ग."

"तिनं मला एकच मागितलं होतं, सर."

"मग पाठव." त्यांनी सही केली.

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. निधी एका मोठ्या शहरातल्या चौकांच्या अभ्यासाला मिळाला होता. सुमंगलाच्या अर्जाखाली दोन ओळींचा शेरा होता. मांडणी चांगली आहे. मात्र गरज पटवून देणारा ठोस दाखला प्रस्तावात आढळत नाही. सरांनी तो शेरा वाचला, कागदाची घडी घातली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या महिन्याअखेर ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही.

मे महिन्यात सुमंगला घरी गेली. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला दिसलं. वहिनी दारात उभी होती, एक हात चौकटीला आणि एक कमरेवर. पाचवा महिना सरत आला होता.

"कळवलं का नाहीस?" सुमंगलानं विचारलं.

"काय कळवायचं? एकदा कळवून काय झालं?" वहिनी हसली. पण हसणं तोंडावर फार टिकलं नाही. "गाडीचं काय झालं, सुमाबाय? पावसाच्या आदी यील का?"

सुमंगला ओसरीवर बसली. गाडी येणार नाही, असं तिनं सांगितलं. का येणार नाही तेही सांगितलं. ते लोक काय बदलायला सांगत होते, आपण काय केलं, काही लपवलं नाही. तिला वाटत होतं, वहिनीला निदान एवढं तरी बरं वाटेल की तिचा शब्द राखला.

वहिनी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"लिवू द्यायचं हुतंस," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांना जे पायजे ते लिवू द्यायचं हुतंस, बाय. मेलेली म्हना, जिती म्हना. म्या तुला सांगितलं, तू आयकलंस, माझं तितक्यात भागलं हुतं. कागदाचं मला काय?" तिचा हात पोटावर गेला. "मला भादव्यात त्याच वाटेनं जायाचं हाय. त्योच ओहोळ. गाडी असती, तर..."

ती वळून आत गेली. सुमंगला ओसरीवर तशीच बसून राहिली. समोर रस्त्याच्या कडेला शेण्या वाळत घातल्या होत्या. लखू रानातून आला, तिच्याकडं पाहून थबकला, आणि काही न विचारता पाय धुवायला मागं गेला. गेल्या वर्षभरात तो फार अबोल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुमंगलानं ठरवलं. पाऊस लागायच्या आत वहिनीला बेळगावला न्यायचं. अनगोळच्या दोन खोल्यांत ती राहील, दवाखाना चालत जाण्याजोगा आहे. लखूनं मान हलवली. वहिनीनं ट्रंक भरायला घेतली. पुतळीलाही सगळ्यांनी चल म्हटलं. ती म्हणाली, "म्हशीला कोन बगंल?"

निघायच्या दिवशी लखू आणि वहिनी सामान घेऊन पुढं वासूच्या जीपकडं गेले. सुमंगला आईला नमस्कार करायला मागं राहिली. पुतळीनं तिचा दंड धरला. हात अजून भक्कम होता.

"सुमे, थांब जरा." तिनं जीपकडं बघितलं. लखू ट्रंक वर चढवत होता. "भाग्या खोटं न्हाई बोलली. रडली हुती ती. माझ्या ह्या हातावर रडली."

सुमंगलानं आवाज खाली आणला. "मग आई, तू दवाखान्यात..."

"लखू तितंच दाराभायेर हुबा हुता. रातीला कळा लागल्या तवा त्योच म्हनाला हुता, पाऊस लई हाय, उजाडू दे. पोर जिती झाली म्हटलं असतं तर काय झालं असतं त्याचं? जन्मभर त्येच घिऊन बसला असता. मेलेलीच झाली म्हटल्यावर मानूस म्हनतो, दैवात न्हवतं." पुतळीनं पदरानं तोंड पुसलं. "पोरगी तर गेलीच हुती. पोरगा ठेवला म्या."

"मी बेंगळुरूला सांगितलं, आणखी कुणी ऐकलं नाही म्हणून."

"मला तितं नेऊन इचारलं असतंस तरी म्या न्हाईच म्हनाले असते. आत्ताबी कुनी इचारलं तर न्हाईच म्हननार." तिनं दंड सोडला. "जा. गाडी थांबलीया."

सुमंगला जीपमध्ये चढली. ओहोळ कोरडा होता. वासूनं तो गाडी न थांबवता पार केला. वहिनी दुसरीकडं तोंड करून बसली होती.

अनगोळात जून गेला, जुलै गेला. वहिनीला दोन खोल्यांत करमत नसे. ती गॅलरीत बसून खालची रहदारी बघत राही. आईनं सांगितलेलं सुमंगलाच्या मनातून जात नव्हतं. वहिनीला ते सांगावं असं तिला रोज वाटे, आणि आईचा विश्वास मोडेल म्हणून ती रोज गप्प बसे. शेवटी एका दुपारी, दोघी तांदूळ निवडत असताना, तिनं सांगून टाकलं.

वहिनीनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"ठावं हाय," ती म्हणाली. "त्यांच्या हातावर तर रडली. त्यांनी कशी न्हाई आयकली आसंल? दवाखान्यात न्हाई म्हनाल्या तवा म्या त्यांच्या तोंडाकडं बगितलं. तवाच कळलं कुनासाठी म्हनत्यात ते."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुजा भाऊ भायेर भिताडाला टेकून हुबा हुता. पानी गळत हुतं अंगातनं." ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. "आमी दोघी कवा त्यावर बोललो न्हाई. बोलनारबी न्हाई. तुज्यापाशी बोलले, का तर तू तितं नव्हतीस."

भाद्रपदात वहिनीला मुलगा झाला. सुखरूप. लखू तीन गाड्या बदलून, पावसात भिजत आला, मुलाला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. मुलाचं नाव प्रज्योत ठेवलं.

पण वहिनी दिग्गीला परत गेली नाही. जाणार नाही असं ती कधी म्हणाली नाही. ती नुसतं म्हणे, पाऊस सरू दे. पाऊस सरला तेव्हा म्हणाली, पोराच्या सुया होऊ देत. लखूला ते कळलं. त्यानं रामनगरात एका ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात काम धरलं आणि हमरस्त्याच्या मागं एक खोली घेतली. शेत शेजाऱ्याला लावायला दिलं. पुतळी आणि म्हैस तेवढ्या दिग्गीत उरल्या.

सुमंगलानं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. या वेळी तिला सोबत सर नव्हते, आणि कुठलाही दाखला नव्हता. का कुणास ठाऊक, या वेळी तो मंजूर झाला. वर्षभर चालणारी गाडी मिळाली. पण संस्थेनं गावांची छाननी केली तेव्हा दिग्गी वगळली गेली. वस्ती फार विरळ झाली होती, घरं बंद होत चालली होती. गाडी दुसऱ्या बाजूच्या वाड्यांवर फिरणार होती. सुमंगलानं पत्रं लिहिली, भांडून पाहिलं. उत्तर एकच आलं.

ते सांगायला ती दिग्गीला गेली. पुतळी गोठ्याच्या दारात बसून म्हशीला पेंड भिजवत होती. आता तिला कमी ऐकू यायचं. सुमंगलाला दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजी गाडी आली?"

"आली, आई. पण इथं नाही. पलीकडच्या वाड्यांना."

पुतळीनं पेंडीत हात घालून गोळे फोडले. "तितं बायाबापड्या हायत? लेकुरवाळ्या?"

"आहेत."

"मग बरं झालं," पुतळी म्हणाली. तिनं घमेलं उचलायला हात घातला, ते जड होतं, आणि सुमंगला उठून दुसऱ्या बाजूनं धरायला गेली.